वकीलसाहेब, आज भांडी तुमची

तीन वर्षांच्या लॉला येणारी माणसं साधारण दोन प्रकारची. पहिल्या प्रकारातल्यांना वकील व्हायचंच नसतं. कुणी बँकेत असतो, कुणी पोलिसात, कुणी मंत्रालयात. कुणाला बढती हवी असते, कुणाला निवृत्तीनंतर दारावर लावायला पाटी. दुसऱ्या प्रकारातल्यांना आपण काय व्हायचं हे बीए-बीकॉम होऊनही कळलेलं नसतं. ते कळेपर्यंत बसायला जागा हवी म्हणून ते येतात. मी या दुसऱ्यातला. पण दर वर्गात एखादा तिसऱ्या प्रकारातलाही सापडतो. तो जन्मापासूनच वकील असतो. पदवी आणि सनद हा त्याच्या दृष्टीनं निव्वळ सरकारी उपचार. असा एक नग आमच्या खोलीत राहत होता. त्याचं खरं नाव सांगत नाही. तो अजून वकिलीत आहे आणि अब्रुनुकसानीचा कायदाही अजून आहे. आम्ही त्याला वकीलसाहेब म्हणायचो.

वकीलसाहेब कुडाळकडचा. कोकणात आंब्याच्या बागा असतात, नारळीपोफळी असतात, आणि प्रत्येक घरात एक दावा असतो. यांच्या घरातला दावा फणसाचा होता. झाडाचं खोड यांच्या कुंपणात आणि फांद्या चुलत्यांच्या खळ्यावर. फणस लागायचे ते नेमके फांद्यांना नाही तर खोडाला, पण खोडही थोडं तिकडे कललेलं. आजोबांनी दावा लावला, वडिलांनी तो तारखांना पोसला. दोन पिढ्यांत वकिलांच्या फीवर जेवढे पैसे गेले तेवढ्यात गोव्याच्या बाजारातले फणस घेऊन अख्ख्या गावाला वाटता आले असते. शेवटी आजोबांनी फर्मान काढलं, "घरातलो एक तरी वकील होवंदे. निदान फी तरी वाचात." अशा रीतीनं वकीलसाहेब मुंबईकडे आला तो हाती एक अशील घेऊनच. असं भाग्य फार थोड्यांना लाभतं.

ते साल २०१६. महाराष्ट्रात लॉच्या प्रवेशाला पहिल्यांदाच सीईटी लागली ती त्याच वर्षी. कॉलेज ठाण्याला मिळालं. ठाण्याची भाडी ऐकली आणि आम्ही मुकाट्यानं डोंबिवलीला आलो. वकीलसाहेबाचा कल खरं तर दिव्याकडे होता, कारण सावंतवाडीची पॅसेंजर दिव्याहून सुटते आणि सिंधुदुर्गातल्या माणसाच्या नकाशावर दिवा हे जंक्शन मुंबईहून मोठं असतं. पण आईनं विचारल्यावर 'डोंबिवलीत राहतो' हे सांगायला बरं वाटतं, या एका मुद्द्यावर तो नमला. डोंबिवली म्हणजे सुसंस्कृत, फडके रोड, गणपतीचं देऊळ, दिवाळीची पहाट. माऊलीला आणखी काय हवं?

खोली मिळवणं हे मात्र सीईटीहून अवघड निघालं. दलालाचा पहिला प्रश्न, "फॅमिली?" नाही म्हटलं की चेहरा पडायचा. दुसरा प्रश्न, "कसले विद्यार्थी?" इथं शहाणा माणूस 'कॉमर्स' म्हणतो. वकीलसाहेब छाती पुढे काढून 'लॉ' म्हणायचा. लगेच ती खोली कालच गेलेली असायची. अखेर पूर्वेला एका जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा वन रूम किचन मिळाला. मालक पहिल्या मजल्यावर राहायचे, रेल्वेतून निवृत्त झालेले काका. स्वभावानं देवमाणूस. म्हणाले, "कागदबिगद कशाला, पोरांनो? विश्वासावर चालतं आपलं."

झालं. वकीलसाहेबानं त्यांना समोर बसवून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याचं कलम ५५ समजावून सांगितलं. करार लेखी हवा, नोंदणी केलेला हवा, नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर करारातल्या अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे सगळं अगदी बरोबर होतं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही अशी जी समजूत डोंबिवलीतल्या निम्म्या जिन्यांवर ऐकू येते, ती महाराष्ट्रात खोटी आहे, हेही त्यानं जाता जाता सांगून टाकलं. पण जो भाडेकरू चावी हातात पडायच्या आधी मालकाला तुरुंगवासाची मुदत सांगतो, त्याला खोली द्यावी की नाही? काकांच्या चेहऱ्यावर हाच प्रश्न होता. काकूंनी आतून चहा आणला म्हणून आम्ही वाचलो. करार रीतसर नोंदवला गेला. काकांनी त्यानंतर वकीलसाहेबाशी बोलताना 'अरे-तुरे' सोडून 'अहो-जाहो' सुरू केलं, ते शेवटपर्यंत.

खोलीत आम्ही तिघे. मी, वकीलसाहेब आणि जळगावचा एक इंजिनिअर, जो एमआयडीसीत नोकरीला होता. तिघांत कायदा न शिकणारा तो एकटाच, आणि म्हणूनच बहुतेक वेळा भांडी तोच घासायचा.

भांड्यांसाठी आम्ही पाळ्या लावल्या होत्या, भिंतीवर तक्ता होता. पहिल्याच आठवड्यात वकीलसाहेबाची पाळी आली, गेली, आणि कुकर तसाच. इंजिनिअरनं विचारलं. वकीलसाहेबानं शांतपणे तक्त्याकडे बोट केलं. "याच्यावर माझी सही आहे का? मला ऐकून न घेता हा बोजा टाकलाय. नैसर्गिक न्यायाचं पहिलं तत्त्व..." पुढचं सगळं लॅटिनमध्ये होतं. दुसऱ्या आठवड्यात सही घेतली. मग तक्ता करणारा इंजिनिअर स्वतःच एक पक्षकार असल्यानं तो न्यायाधीश होऊ शकत नाही, असा आक्षेप आला. तिसऱ्या आठवड्यात त्रयस्थ म्हणून माझी नेमणूक झाली, तर मी आदल्या दिवशी इंजिनिअरच्या पैशानं वडापाव खाल्ल्याचं त्यानं उघडकीला आणलं. वाद घालताना तो असा छापील मराठीत बोलायचा. खरंच चिडला की मालवणीवर यायचा. "माका लेखी नोटीस दी. तोंडी आयकूचंय नाय मी." एवढ्या वेळात आमची, काकूंची आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडांची भांडी घासून झाली असती, हे इंजिनिअरचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. पण तो हिशेब मेकॅनिकलवाल्यांचा. कायद्यात काम उरकणं याला काही किंमत नसते.

त्याचा अभ्यास करायचा एक खास प्रकार होता. कुठलाही खटला वाचला की तो दुसऱ्या दिवशी आमच्यावर चालवून बघायचा. करार कायद्यात कार्लिलबाईंचा खटला आला. इंग्लंडमधल्या एका कंपनीनं जाहिरात दिली होती की आमचा धुराचा गोळा वापरूनही फ्लू झाला तर शंभर पौंड देऊ. कार्लिलबाईंनी गोळा वापरला, फ्लूही झाला, आणि १८९२ साली कोर्टानं कंपनीला पैसे द्यायला लावले. हे वाचून झालं त्याच रात्री इंजिनिअर झोपताना सहज म्हणाला, "जो मला उद्या साडेपाचला उठवेल त्याला नाश्ता माझ्याकडून." पहाटे साडेपाचला त्याच्या कानाशी ताटावर पळी वाजली. जाहीर प्रस्ताव, कृतीनं स्वीकृती, करार पूर्ण! तो बिचारा पैसे काढत होता, तेवढ्यात मी बाल्फोरचा खटला काढला. १९१९चा. सिलोनात राहणाऱ्या नवऱ्यानं बायकोला दरमहा तीस पौंड पाठवायचं कबूल केलं होतं, कोर्ट म्हणालं, घरातली आपसातली वचनं म्हणजे करार नव्हे. वकीलसाहेबानं मला विचारलं, "म्हणजे आपण तिघं एक कुटुंब आहोत असं तुझं म्हणणं?" मी हो म्हटलं. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग कुटुंबातल्या मोठ्या माणसाला नाश्ता द्यायची काही रीत आहे की नाही?" नाश्ता त्यानं खाल्लाच.

डबा लावला होता, त्यातल्या आमटीत एकदा काहीतरी काळं, सुरकुतलेलं, पापुद्र्यासारखं सापडलं. आदल्याच दिवशी वर्गात डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन झालेला, १९३२चा. स्कॉटलंडात एका बाईंच्या जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाली आणि त्यातून निष्काळजीपणाचा अख्खा आधुनिक कायदा उभा राहिला. वकीलसाहेबाचे डोळे चमकले. त्यानं तो पुरावा दोन बोटांत धरून वाटीत ठेवला, वाटीवर झाकण, झाकणावर तारीख-वेळ. संध्याकाळी डबेवाल्या मावशी आल्या. त्यांनी झाकण काढलं, बघितलं आणि म्हणाल्या, "अरे बाबा, दगडफूल आहे ते. तुझ्या आईनं कधी मसाला भाजला नाही का?" मालवणी माणसाला मसाल्यावरून हे ऐकावं लागणं म्हणजे काय, ते इथं समजून घ्यावं. दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याला कुठेतरी वाचायला मिळालं की स्टीव्हन्सनच्या बाटलीत गोगलगाय खरोखर होती का, हेसुद्धा कधी सिद्ध झालंच नाही. खटला तडजोडीत मिटला. मग तो पूर्ववत जेवायला लागला.

पाण्याचं प्रकरण मात्र मोठं झालं. एके सकाळी नळाला पाणी नव्हतं. वकीलसाहेबानं नळ उघडून बघितला आणि तो उघडा टाकूनच तिघेही बाहेर पडलो. दुपारी पाणी आलं. बादली भरली, मोरी तुंबली, स्वयंपाकघर भरलं आणि पाणी काकूंच्या ओट्यावर, पापडांच्या डब्यात उतरलं. संध्याकाळी आम्ही जिन्यातच अडवले गेलो. मी माफीच्या तयारीत होतो. पण वकीलसाहेबानं हात वर केला. म्हणाला, "काकू, हे रायलंड्स विरुद्ध फ्लेचर आहे." लँकेशायरमधल्या एका गिरणीवाल्याच्या तलावातलं पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं होतं, १८६८ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं म्हटलं की पाणी साठवणाऱ्याची चूक असो-नसो, भरपाई त्यानंच द्यायची. मला वाटलं, चला, कबूल तरी केलं. पण पुढे अपवाद होते. दैवी आपत्ती. तिऱ्हाइताचं कृत्य. कायद्यानं दिलेल्या अधिकारातून घडलेली गोष्ट. पाणी सोडणारा तिऱ्हाईत, तोही कायद्यानं अधिकार दिलेला. म्हणजे एक सोडून दोन अपवाद आमच्या बाजूचे. मी आगाऊपणा केला. म्हटलं, आपल्या सुप्रीम कोर्टानं १९८६ साली दिल्लीच्या ओलियम वायूगळतीच्या खटल्यात, एम. सी. मेहतांच्या, हे सगळे अपवाद काढून टाकलेत. त्यानं माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "ते घातक उद्योगांपुरतं. आपली खोली घातक उद्योग आहे का?"

"आहे," काकू म्हणाल्या. "हे फडकं घे आणि खाली ये. पापड तुझ्या हातानं वाळत घालायचेत."

हाऊस ऑफ लॉर्ड्स, सुप्रीम कोर्ट आणि काकू यांच्यात श्रेष्ठ न्यायपीठ कोणतं, याबद्दल त्यानंतर खोलीत वाद झाला नाही. काकूंपुढे त्याची कधीच मात्रा चालली नाही, हे मी अगदी नि:पक्षपातीपणे सांगतो. इतरांना नोटिसा देणारा हा माणूस काकूंनी हाक मारली की 'इलंय' म्हणून खाली धावायचा.

आणखी एकदा तो हरला तो लोकलमध्ये, आणि तिथं तर स्वतःच्या कायद्यानं हरला. सकाळची, डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी. हा धावत जाऊन खिडकीत बसला. मागून एक काका आले, हातात पिशवी, कपाळाला गंध. म्हणाले, "उठा, ती माझी जागा." डब्यात शांतता. वकीलसाहेबाला याचीच वाट असते. "लोकलमध्ये कुणाची जागा नसते," तो म्हणाला. काका म्हणाले, "बावीस वर्षं बसतोय मी इथं." हे ऐकताच वकीलसाहेब एकदम गंभीर झाला. १८८२चा सुविधाधिकार कायदा, कलम १५, वीस वर्षांची वहिवाट. त्यानं तिथंच उलटतपासणी सुरू केली.

"खंड न पडता?"

"गणपतीत गावी जातो तेवढंच."

"उघडपणे?"

"सगळा डबा बघतोय."

"हक्क म्हणून?"

"नाही तर काय, तुमच्या बापाचे उपकार म्हणून?"

वकीलसाहेब उठला. ठाण्यापर्यंत उभा राहिला. मी म्हटलं, अरे, रेल्वेच्या बाकाला असला कायदा लागत नाही. तो म्हणाला, "ते मलाही माहीत आहे. पण तिन्ही उत्तरं बिनचूक दिली रे त्यांनी." चांगल्या साक्षीदाराबद्दल त्याला आदर होता. हा त्याचा मोठा गुण, आणि तो मला पुढे बऱ्याच नामवंत वकिलांत दिसला नाही.

आता पैशांचं. पहिल्याच महिन्यात त्यानं इंजिनिअरकडून दोन हजार रुपये उसने घेतले. मागितले की उत्तर ठरलेलं, "देणार आहे, नाही कुठं म्हणतोय?" तोंडी. लेखी कधीच नाही. नोटबंदीत तर त्याला फारच बरं गेलं. एकदा इंजिनिअरनं मोबाइलवरचा जुना मेसेज दाखवला, ज्यात यानं पैसे मिळाल्याचं कबूल केलं होतं. तर हा म्हणतो, "इलेक्ट्रॉनिक पुरावा आहे हा. कलम ६५-ब चं प्रमाणपत्र जोडलंयस का?" मला संशय येत होता, पण खेळ कळला तो शेवटच्या वर्षी, मुदतीचा कायदा शिकायला आला तेव्हा. उसन्या पैशांच्या दाव्याला मुदत तीन वर्षं. आमचा कोर्सही तीन वर्षांचा! हा माणूस पहिल्या सत्रापासून कॅलेंडर बघत बसला होता.

खोली सोडायच्या सुमारास त्यानं अत्यंत जड अंतःकरणानं इंजिनिअरला सांगितलं की नैतिकदृष्ट्या पैसे देणं आहेच, पण कायदेशीरदृष्ट्या ते आता मुदतबाह्य. इंजिनिअरनं माझ्याकडे पाहिलं. मी खोलीच्या हिशेबाची वही काढली. दूध, गॅस, वीजबिल आणि खाली दर सहामाहीला मागची बाकी. तिच्यात 'इंजिनिअरचे दोन हजार' ही ओळ आणि समोर वकीलसाहेबाची स्वतःची, लफ्फेदार, वकिली सही. मुदतीचा कायदा, १९६३, कलम १८: मुदत संपण्यापूर्वी सही करून लेखी कबुली दिली की त्या दिवसापासून मुदत नव्यानं सुरू. त्यानं वही घेतली, सही उजेडात धरून बघितली, आणि म्हणाला, "माझीच आसा." मग हसला. इतका की खालून काकूंनी विचारलं काय झालं.

पैसे मात्र नव्हतेच. तेव्हा त्यानं करार कायद्याचं कलम ६३ काढलं, की धनको राजी असेल तर ठरलेल्याऐवजी दुसरं काहीही स्वीकारून हिशेब मिटवू शकतो. पुढच्या आठवड्यात सावंतवाडी पॅसेंजरनं दोन फणस आले, एक कापा, एक बरका. इंजिनिअरनं आयुष्यात फणस फोडलेला नव्हता. जळगावचा माणूस, केळं सोलायची सवय. चिकानं त्याचे हात, विळी, दरवाजाची कडी आणि वकीलसाहेबाचं भारतीय दंड संहितेचं पुस्तक एकमेकांना चिकटलं. कर्ज फिटलं असं त्यानं पावतीवर लिहून दिलं, पण पावतीही चिकटली.

तिसऱ्या वर्षाला कोर्ट बघायला जावं लागतं, त्याची डायरी लिहावी लागते. आम्ही कल्याणच्या कोर्टात गेलो. स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांत. वकीलसाहेबाला वाटलं होतं, वाद चाललेले असतील, निवाडे दिले जात असतील. सकाळपासून आम्ही ऐकलं ते बहुतेक पुकारे आणि पुढच्या तारखा. एका प्रकरणात वकील आजारी, एकात साक्षीदार गैरहजर, एकात अशीलच बाहेर चहा प्यायला गेलेला. मला कंटाळा आला. त्याला आला नाही. तो वहीत प्रत्येक तहकुबीचं कारण टिपून घेत होता. नंतर खिडकी वडा खाताना म्हणाला, "मी भांड्यांच्या बाबतीत यातली निम्मीच वापरली रे." तिखट लागल्यामुळे असेल, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

आणि मग आमच्या निकालाच्या आसपास घरून फोन आला. फणसाचा दावा लोकअदालतीत ठेवला होता. दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांना कुणीतरी सांगितलं की मिटवलंत तर कोर्ट फी परत मिळते. मिटला! फणस निम्मे तुम्ही, निम्मे आम्ही. दोन पिढ्यांचं भांडण एका दुपारी संपलं, घरात गोड जेवण झालं, चुलते जेवायला आले. सगळं घर आनंदात आणि एकटा वकीलसाहेब सुतकात. सनद हातात पडायच्या आधी पहिला अशील गेला. त्यानं कायदा उघडून बघितला. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम २१. त्यानं ते पुन्हा वाचलं. नाहीच. "आजोबांनी माका विचारूचा तरी होता," एवढंच म्हणाला, आणि त्या रात्री कुणी न सांगता त्यानं भांडी घासली. पाळी माझी होती. मी हरकत घेतली नाही.

आता तो ठाण्याच्या कोर्टात वकिली करतो. कोर्ट नाक्यावर भेटतो अधूनमधून. पोट सुटलंय. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्याचा त्याला मनस्वी राग आहे. खून ३०२ चा १०३ झाला ते तो सोसेल. पण फसवणूक ४२० ची ३१८ झाली हे त्याला पटत नाही. म्हणतो, चारशेवीस म्हटलं की माणूस अंगावर यायचा, तीनशेअठरा म्हटलं तर तो विचारतो, कुठल्या विंगमध्ये? फौजदारीपेक्षा त्याचं नाव झालंय ते मात्र लिव्ह अँड लायसन्सच्या करारांत. त्याच्या करारनाम्यात नळ उघडा ठेवण्यावर वेगळं कलम असतं, भांड्यांवर पोटकलमांसकट एक आख्खं परिशिष्ट असतं, आणि सगळ्यावर भाडेकरूच्या सह्या असतात, पानोपानी. आमच्या काकांनीही हल्ली त्याच्याकडूनच करार करून घेतला. फी घेतली नाही म्हणे. काकूंनी पापड दिले.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कुणाला पोरांना जागा भाड्यानं द्यायची असेल तर करार जरूर त्याच्याकडून करून घ्या. इतका बिनतोड कागद दुसरा कुणी लिहून देणार नाही. भाडेकरू म्हणून मात्र त्याला ठेवू नका.